सव्वा तासाची मुंबई

मुंबईहून नागपूरला विमानाने सव्वा तास लागतो, ही गोष्ट आसगावच्या आमच्या वस्तीला मी सांगितली. मी सांगितली नसती तर कुणाचं काही अडलं नव्हतं. रेल्वेत संध्याकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर दुसरं टोक येतं, एवढं लोकांना ऐकून माहीत होतं आणि ते पुरेसं होतं. पण मला सांगायचं होतं. नुसतं सांगायचं नव्हतं, अंगणातल्या खाटेवर बसून, इस्तरीची घडी मोडू न देता सांगायचं होतं.

मी तेव्हा मुंबईत भातगिरण्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. धानाच्या मुलखातला म्हणून मला घेतलं होतं. ऐंशी सालच्या आगेमागे आमच्या मोठ्या साहेबांबरोबर मी पहिल्यांदा विमानात बसलो. तिकीट कंपनीचं. कानात घालायला कापूस आणि चघळायला गोळ्या आल्या, मग चहा आला, आणि चहाचा कप परत नेईपर्यंत पट्टे बांधायला सांगितलं. खाली नागपूर. साहेब गोंदियाकडच्या गिरण्या पाहायला गाडीने गेले, मला त्यांनी दोन दिवस घरी जाऊन यायला सांगितलं. नागपूरहून मी यष्टी धरली. उमरेड, भिवापूर, मग पवनीला गाडी बदलायची. पवनीच्या स्टँडवर आसगावची गाडी कधी येईल हे कंडक्टरलाही माहीत नव्हतं. सकाळी मुंबईत चहा घेतलेला माणूस घरी पोचला तेव्हा गुरं परत येत होती.

तरीही मी अंगणात सांगितलं ते सव्वा तासाचंच. उरलेला अर्धा दिवस मी गाळला.

"सव्वा तास?" शेजारचा म्हातारा म्हणाला. "सव्वा तासात त आमचा बैल पाणी पिऊन येत नाही गा."

दुसरा म्हणाला, मंग त मुंबई पवनीपक्षा जवळ झाली. सगळे हसले. बा हसला नाही. तो हिशेब करत होता. माझ्या बापाच्या अंतराच्या हिशेबात नागपूर एकदाच पायी आलं होतं, दीक्षेच्या वर्षी. मी तेव्हा मायच्या कडेवर होतो. दोन दिवस चालले, वाटेत एका आमराईत झोपले, तिसऱ्या दिवशी पोचले आणि नवे होऊन परत आले, असं तो सांगायचा. दोन दिवसांचं नागपूर आणि त्याच्या पलीकडची सव्वा तासाची मुंबई त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी बसेना. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे तुले बलावलं त तू सव्वा तासात येशीन."

मी हो म्हटलं. म्हणायला काय जात होतं?

बापाविषयी सांगायला हवं. दोन बांध्यांची धानशेती, बाकी मजुरी. माय बिड्या वळायची. शाळा त्याने चौथीनंतर सोडलेली, पण दीक्षेनंतर त्याने गाथा पाठ केल्या. पाली भाषेतली ती लांबलचक वाक्यं तो नांगर धरून म्हणायचा. हळूहळू आसपासच्या गावांतल्या आमच्या लोकांची लग्नं तोच लावू लागला. पांढरा सदरा, पांढरं धोतर, खांद्यावर पिशवी. शेतात त्याला कुणी एकेरी हाक मारो, मांडवात त्याला 'गुरुजी' म्हणत. आयुष्यात त्याचं स्वतःचं म्हणावं असं हेच एक होतं.

त्याची एक अट असे. मुहूर्त काढायचा नाही. माणसं जमली, नवरा-नवरी तयार झाले, की लग्न. कुणी गावातल्या जोशीबुवाकडून चोरून पंचांग पाहून आलंय असं कळलं की बा पिशवी उचलून उठायचा. एकदा तो सख्ख्या साळ्याच्या मांडवातून उठला होता. मामा त्यानंतर दोन वर्षं आमच्याकडे आला नाही. बा म्हणायचा, ज्याची वेळ वाईट म्हणून हजार वर्षं दाराबाहेर उभं केलं, त्यानं आता वेळ चांगली का वाईट हे कोणाले विचारू नये.

आणि मी मुंबईत काय करत होतो? लपत होतो. दुसरा शब्द नाही. माझं आडनाव असं की त्यावरून काही कळत नसे, आणि ते कळत नसल्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. घरी काय करतात, असं कुणी विचारलं की शेती म्हणायचो. खोटं नव्हतं. साहेबांच्या घरी सत्यनारायण होता तेव्हा त्यांनी मला बोलावलं. त्यांच्या पत्नीने, हात स्वच्छ आहेत ना, असं हसत विचारून मला चौरंगाला केळीचे खांब बांधायला लावले. मी बांधले. प्रसाद खाल्ला, घरी नेण्यासाठी पुडीही घेतली. त्या दिवसानंतर खरं सांगायची सोय राहिली नाही. आधी सांगितलं असतं तर ती माहिती झाली असती, नंतर सांगितलं असतं तर फसवणूक. मी स्वतःची अशीच समजूत घातली आणि ती मला सोयीची पडली.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा लाखांदूरकडचा, शाळेत मास्तर. मला एक धाकटी बहीण तेवढीच. नेमक्या त्याच दिवशी सकाळच्या विमानाने साहेब नागपूरला जाणार होते आणि बरोबर मी. मी घरी कळवून टाकलं की रजा नको, रेल्वे नको, लग्नाच्याच दिवशी विमानाने येतो, साहेबांची गाडी पवनीपर्यंत सोडेल, दुपारी मांडवात. बाने ते वस्तीभर सांगितलं असणार. नवऱ्याकडच्यांनाही सांगितलं, कारण पुढे तेच त्याला ऐकवण्यात आलं.

आदल्या दिवशी साहेबांना मी सहज म्हणून सांगितलं की पवनीला उतरून आसगावला जाईन, बहिणीचं लग्न आहे. साहेबांनी फाइल बंद केली. मनमोकळा माणूस होता, त्याच्याविषयी आजही मला वाईट लिहिता येत नाही.

"अहो, मग आधी बोलायचं नाही का? मीही येतो की. गाडी आहेच. तुमच्या भागातलं लग्न मी पाहिलेलं नाही. किती वाजताचा मुहूर्त?"

आमच्यात मुहूर्त नसतो. एवढंच म्हणायचं होतं. माझा बाप हे वाक्य भरल्या मांडवात, पाटील उभा असताना म्हणायचा.

मी म्हणालो, "बारा बत्तीस."

बत्तीस कुठून आले तेही सांगतो. कचेरीत येणाऱ्या पत्रिकांवर अशाच अडनिड्या मिनिटांचे मुहूर्त असत. बारा किंवा साडेबारा म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं. इतका मी त्यात तरबेज झालो होतो.

त्या दिवशी खोलीवर गेल्यावर मला मांडव दिसू लागला. जांभळाच्या डहाळ्या, टोकाला निळा झेंडा, मधल्या टेबलावर तसबिरी, त्यांच्यापुढे मेणबत्त्या आणि पांढऱ्या कपड्यातला माझा बाप. साहेब गाडीतून उतरताच वस्तीतलं पोर न पोर त्यांना आमच्या वस्तीतला नमस्कार करणार, जो मी कचेरीत एकदाही तोंडातून काढला नव्हता. आणि मग साहेबांना केळीचे खांब आठवणार.

पहाटे मी कोपऱ्यावरच्या दुकानातून साहेबांच्या घरी फोन केला आणि ताप भरल्याचं सांगितलं. ते हळहळले. घरी निरोप पोचवायची काही व्यवस्था, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, तार करतो. तार केली नाही. तारेत काय लिहायचं हेच सुचेना, आणि ती लग्नाआधी पोचणार नव्हती हेही माहीत होतं. एक समाधान होतं. मी नाही म्हटल्यावर साहेब एकटे कशाला जातील लग्नाला?

मी खाटेवर पडून राहिलो. आता विमान सुटलं असेल, आता गोळ्या आल्या असतील, आता उतरलं असेल. मग भूक लागली. मी उठून खानावळीत जाऊन जेवलो. ताप आलेल्या माणसाला त्या दिवशी चांगली भूक होती.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मामाने ते पहिल्यांदा सांगितलं, जरा चवीने. उरलेलं बहिणीने, फार वर्षांनी आणि तुकड्यातुकड्यांनी.

वरात ट्रॅक्टरने आली, अकराच्या आत. उन्हाने पत्रे तापलेले. बाने पाहुण्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की पोरगा येऊन राहिला, लेकीच्या मागं भाऊ उभा राहायले पाहिजे, थोडं थांबू. पाहुणे बरं म्हणाले. तास गेला. नवऱ्याचा काका उठून म्हणाला की आता लावून घ्या. बा म्हणाला, आपल्यात मुहूर्त थोडाच टळून राहिला, घाई कायची? सव्वा तासाचा त रस्ता आहे. मध्येच आभाळातून एक विमान गेलं, उंचावरून, पांढरी रेघ ओढत. पोरं ओरडली. बा अंगणात येऊन डोळ्यांवर हात धरून पाहू लागला आणि म्हणाला, चाललं, आता नागपूरले उतरन, आणखी दोन तास धरा. मामाने बघितलं, विमान पूर्वेकडून पश्चिमेकडे चाललं होतं. तो बोलला नाही. दोन वर्षांचा राग अजून त्याच्या पोटात होता बहुतेक.

दोन तास धरा म्हटल्यावर मात्र मांडवात कुजबूज सुरू झाली. भात गार झाला, वरणावर साय आली. बायकांनी लहान पोरांना आधी जेवू घातलं. बहीण पांढरं लुगडं नेसून आत बसलेली, तिला घाम पुसायलाही कुणी उठू देईना. बाहेर नवऱ्याचा काका सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"आमची वरात टॅक्टरनं आली, वेळेवर आली. ह्यायचा पोरगा विमानानं येऊन राहिला. भटाचा मुहूर्त सोडला अन् आता साहेबाच्या मुहूर्तावर बसलो बापा आपण."

लोक हसले. बाने ऐकलं. तो दाराशी जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात तलावाच्या पाळीवरून गाडी येताना दिसली. पांढरी मोटार. बाजेवाल्यांनी आपणहून बाजा सुरू केला. माय आरती घेऊन बाहेर आली. बहीण सांगते, आतल्या बायकांनी तिला हलवून हलवून सांगितलं, आला वो तुहा भाऊ, आला. आणि गाडीतून रेशमी शर्टातला एक अनोळखी माणूस उतरला, हातात रंगीत कागदात बांधलेला खोका.

साहेब गिरणी पाहून वाट वाकडी करून आले होते. का आले असतील? मी आजारी आहे, निदान घरच्यांना निरोप द्यावा आणि कंपनीतर्फे आहेर करावा, म्हणून. चांगुलपणाने. त्यांनी बाला शोधून काढलं, हात जोडले, मला ताप असल्याचं सांगितलं. विमान वेळेवर आल्याचं सांगितलं. मग मांडवाकडे बघून, अजून लग्न लागलेलं नाही हे लक्षात आल्यावर म्हणाले, "मला वाटलं मी उशीर केला. तुमचे चिरंजीव म्हणाले होते, बारा बत्तीसचा मुहूर्त आहे."

बाजा थांबलेला होता. सगळ्यांनी ऐकलं.

मामा म्हणतो, बा जरा वेळ साहेबाच्या तोंडाकडे पाहत राहिला. मला ते दिसतं. विमान वेळेवर आलं होतं, त्यात मी नव्हतो, आणि माझ्या साहेबाला मी मुहूर्त सांगितला होता. ह्या तीन गोष्टी जोडून त्यांचा अर्थ लावायला चौथी पास माणसाला किती वेळ लागणार? त्याला कळलं की मी मुंबईत कोण होऊन राहतो आहे.

तो म्हणाला, "हो जी. होता. टळला."

मांडवात कुणाला आधी समजेना. मग नवऱ्याचा काका पुढे आला. म्हणाला, गुरुजी, मंग आमाले तं तुमी सांगितलं का मुहूर्त नाही म्हणून. बाने खरं सांगितलं असतं तर साहेबासमोर मी खोटा पडलो असतो. त्याने पिशवीतून मेणबत्त्या काढल्या, टेबलावर लावल्या आणि गाथा म्हणायला सुरुवात केली. बहीण म्हणते, पाठ असलेल्या गाथेत तो दोनदा अडखळला. भावाच्या जागी मामा उभा राहिला. साहेबांच्या हातात अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या देण्यात आल्या. त्यांनी तसबिरी पाहिल्या असतील, झेंडा पाहिला असेल, सगळ्यांबरोबर पाकळ्या टाकल्या. पंगतीत बसून जेवले. म्हणजे बाने मुहूर्त होता म्हटलं त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. जे झाकायला तो बोलला ते साहेबांच्या डोळ्यांसमोर टेबलावर मांडलेलं होतं.

सोमवारी साहेब कचेरीत मला म्हणाले, "लग्न छान झालं. वडील भले माणूस आहेत तुमचे." मग जरा थांबून, "मुहूर्त मात्र टळला हं."

आणि हसले. त्या हसण्यात काय होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. नंतर ते माझ्याशी पूर्वीसारखेच वागले, म्हणजे पूर्वीइतकेच चांगले. फक्त दौऱ्यावर दुसऱ्याला नेऊ लागले आणि घरी बोलावलं नाही. एवढं मला टोचायला पुरलं, पण तक्रार करायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मी खरं सांगून चारचौघांत उभा राहिलो असतो आणि मग कुणी दूर केलं असतं तर मला भांडता आलं असतं. चोरून आत शिरलेल्याला दार कुणी लावलं हे विचारता येत नाही.

बाचं काय झालं ते मला पुढच्या उन्हाळ्यात घरी गेल्यावर दिसलं. बहिणीला सासरी 'विमानवाली' म्हणत, हे मायने सांगितलं. बाने काहीच सांगितलं नाही. मी आलो त्या दिवशी तो अंगणात दोर वळत होता. दुपारी शेजारच्या म्हाताऱ्याचा नातू आपल्या भावाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. त्या पत्रिकेवर वेळ छापली होती, अकरा वाजून एकवीस मिनिटं. मी ती पाहिली आणि बाकडे पाहिलं. मला वाटलं, आता तो पत्रिका परत करेल.

तो पोऱ्या ओशाळून म्हणाला, "पावण्यायले टाइम समजला पाहिजे ना काका, म्हणून. अन् तुमच्या घरी बी होताच ना."

बा म्हणाला, "बरं."

लग्न लावायला कोण, असं मी विचारलं. मला वाटलं होतं, बाच. पोऱ्याने चप्पल पायात सारत सांगितलं की पवनीचे एक गुरुजी येऊन राहिले. काकाले कायले त्रास? मग तो गेला. मायने नंतर सांगितलं की वर्षभरात बाला एकाही मांडवात लग्न लावायला बोलावलेलं नाही. काही जणांना तो ढोंगी वाटला, घरात पंचांग बघून जगाला शिकवणारा. बाकीच्यांना बरंच झालं. त्यांना मुहूर्त हवाच होता आणि बाच्या घरचा दाखला आयता मिळाला. पिशवी खुंटीला होती. मी हात लावून पाहिली, तिच्यात मायने बिडीची पानं ठेवली होती.

मी बाजवळ जाऊन बसलो. असं बसायची सवय आम्हा दोघांनाही नव्हती.

"बा, तू हो काहून म्हटलं?"

तो दोराला पीळ देत राहिला. म्हणाला, "मंग काय म्हणू? तुहा साहेब होता तो. मी नाही म्हटलं असतं त तू खोटा पडला असता. तितं नोकरी करून राहिला तू." थोड्या वेळाने म्हणाला, "माहं काय. म्हणणारे दुसरे भेटतेत. गाथा काही माह्या एकट्याची नाही."

बोलायची वेळ तीच होती. पुढे होऊन पाय धरायचे आणि सगळं सांगून टाकायचं, केळीच्या खांबांपासून. त्याला बहुतेक सगळं कळलेलं होतं. एक गोष्ट तेवढी त्याने वर्षभर कुठे तरी वेगळी काढून ठेवली होती.

"ताप खरंच होता का तुले?"

मी म्हणालो, "होता."

"मंग बरं झालं नाही आला," बा म्हणाला. "तेवढ्या उन्हात तापाचा माणूस कायले येते?"

त्याचा चेहरा मोकळा झालेला मी पाहिला. त्याने दोर बाजूला ठेवला आणि मायला हाक मारून चहा मांडायला सांगितला, माझ्यासाठी.

दोन वर्षांनी तो गेला. त्या वेळी मी रेल्वेने गेलो. विमानात बसणं मी सोडलेलं होतं आणि त्याला प्रायश्चित्त समजण्याइतका भाबडा मी नव्हतो. कंपनीत मी पुढे बरीच वर्षं काढली, आडनावाच्या आडच. वडिलांचं नाव कुणी विचारलं तर सांगत असे, ते काय करत विचारलं तर शेती म्हणत असे. लग्नं लावत, हे एकदाही म्हणालो नाही.

बहीण आता नातवंडांची झाली. विमानवाली म्हणणारे तिकडचे बहुतेक लोक गेले. वर्षातून एखाद्या वेळी आम्ही भेटतो, तेव्हा ती तिच्या लग्नाची गोष्ट निघाली तर आपणहून माझी बाजू घेते. म्हणते, भाऊ आजारी होता, तो तरी काय करन? बाने तिला तसं सांगून ठेवलं आहे. मी मान हलवतो. तिला वाचायला येतं, चष्मा लावून ती पेपरातली ओळ न ओळ वाचते. हे छापून आलं तर तिच्या हातात पडेलच. मग तिला कळेल की त्या दिवशी मला ताप नव्हता.